उठून गेल्यावर हलणारा झोपाळा

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्रेक्षकाच्या मनःस्थितीला प्रतिसाद देणारे हलते शिल्प कसे करावे. तिची योजना अशी आहे : माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराची चौकट, तिच्यात चोवीस सर्व्हो मोटारी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटारी), समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याने ओळखलेल्या भावनेप्रमाणे चेहऱ्याची हालचाल व प्रकाशाचा रंग बदलणार, रागाला तांबडा, दुःखाला निळा. कोणत्या मोटारी घ्याव्यात, कंट्रोलर (मोटारींना आज्ञा देणारा छोटा संगणक) कोणता वापरावा आणि हे सारे चार महिन्यांत होईल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. हा विषय का निवडला ते सांगताना शेवटी तिने असेही लिहिले आहे की, गेल्या वर्षी आजोबा गेले. पंचवटीतल्या वाड्यात ते झोपाळ्यावरून उठून आत गेले तरी झोपाळा थोडा वेळ हलत राहायचा, आता तो कोणीच हलवत नाही, आणि दिवाळीनंतर वाडा उतरवायचा आहे.

चार महिन्यांत चेहरा होईल, परंतु तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे शिल्प त्या शेवटच्या वाक्यात आहे. मोटारी आणि कंट्रोलर यांविषयी पुढे लिहितोच, मात्र ते चेहऱ्यासाठी नसून झोपाळ्यासाठी असेल. तसे का, हे आधी सांगणे आवश्यक आहे.

चेहऱ्यावरून भावना ओळखणारी संगणकप्रणाली चेहऱ्याच्या स्नायूंची ठेवण वाचते. मनात काय चालले आहे ते तिला दिसत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची भावना खात्रीने सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. याला संशोधनाचा दाखला लागतो असेही नाही. आपल्याकडे दशक्रियेच्या दिवशी रामकुंडावर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे आठवून पाहा. सर्वांत जवळचा माणूस कित्येकदा सर्वांत कोरा असतो, कारण त्याच्या डोक्यात भटजींची दक्षिणा, पाहुण्यांची जेवणे आणि परतीच्या गाड्या चाललेल्या असतात. कॅमेरा त्याला ‘शांत’ असे लेबल लावील. शिवाय ज्या क्षणी यंत्र प्रेक्षकाला ‘तुम्ही दुःखी आहात’ असे निळ्या प्रकाशात सांगते, त्या क्षणी त्याचा स्वतःकडे पाहण्याचा मार्ग बंद होतो; तो फक्त उत्तर बरोबर की चूक एवढेच तपासतो, आणि मग तोंड वाकडे करून यंत्राला फसवण्याचा खेळ सुरू होतो. तांत्रिक अडचण तर आहेच. चोवीस छोट्या सर्व्हो मोटारी एकाच वेळी काम करू लागल्या की डब्यात गांधीलमाशा कोंडल्यासारखा आवाज येतो, आणि त्या आवाजापुढे कोणतीही भावना टिकत नाही.

तांबडा म्हणजे राग आणि निळा म्हणजे दुःख हे समीकरण आपल्या भाषेतही फारसे मुरलेले नाही. मराठीत आपण भावना सांगतो त्या बहुधा हालचालीच्या क्रियापदांनी सांगतो. जीव टांगणीला लागतो, पोटात खड्डा पडतो, काळजाचा ठोका चुकतो, मन थाऱ्यावर राहत नाही, पाय गळून जातात, आणि सगळे सुरळीत झाले की जीव भांड्यात पडतो. यांतल्या प्रत्येक वाक्प्रचारात वस्तुमान आहे, वेग आहे, अडथळा आहे, उंचीतला फरक आहे. म्हणजे शिल्पकाराला लागणारी सगळी सामग्री आहे. ‘घालमेल’ हा शब्दच घ्या. तो उच्चारला की दोन वस्तू एकमेकींच्या जागी जाऊ पाहत आहेत आणि कोणतीच स्थिर होत नाही असे चित्र उभे राहते. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत स्तंभ आणि वेपथू, म्हणजे ताठरून थांबणे आणि कापणे, यांची गणना आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी भावनेचे नाव लिहू देत नाही. क्रियापद लिहायला लावतो. तुमच्या वाक्यातले क्रियापद ‘हलत राहायचा’ असे आहे, आणि त्यातला ‘राहायचा’ हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

निर्जीव वस्तू विशिष्ट रीतीने हलली की माणूस तिच्यात मन पाहू लागतो, हे सिद्ध करण्यासाठी चेहऱ्याची गरज लागत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ मध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीभोवती फिरताना दाखवणारी छोटीशी फिल्म लोकांना दाखवली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी पाहिलेले वर्णन भांडण, पाठलाग आणि भीती यांच्या भाषेत केले. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच्या कितीतरी आधी आगकाड्यांना पडद्यावर चालवून दाखवले होते, आणि आपल्या गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांच्या कारागिरांना तर हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मी स्वतः या कामात आलो तो त्याच वाटेने. रविवार कारंजाच्या परिसरातल्या एका देखाव्यावर सायकलच्या चेन, लाकडी कॅम (कडेच्या आकाराप्रमाणे दुसऱ्या भागाला हलवणाऱ्या फिरत्या चकत्या) आणि कप्प्या बसवताना एका वयस्कर कारागिराने मला सांगितले होते की, राक्षसाची मान वळताना मध्येच अर्धा सेकंद थांबली पाहिजे; नाही थांबली तर तो पंखा वाटतो. त्या अर्ध्या सेकंदासाठी त्यांनी कॅमच्या कडेवर कानशीने एक सपाट जागा घासून काढली. गतिशिल्पाचे माझे निम्मे शिक्षण त्या सपाट जागेत झाले.

या कलाप्रकाराचा इतिहास तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेल, म्हणून तुमच्या कामाला उपयोगी पडतील तेवढीच उदाहरणे घेतो. नाउम गाबो यांनी १९१९-२० मध्ये मोटारीने कंप पावणारी एक पोलादी सळई दाखवली. ती थरथरू लागली की हवेत एक पारदर्शक आकार उभा राहतो आणि थांबली की नाहीसा होतो. अलेक्झांडर काल्डर यांच्या हलत्या रचनांना ‘मोबाइल’ हे नाव मार्सेल द्युशाँ यांनी १९३१ मध्ये दिले, आणि काल्डर लवकरच मोटारी सोडून वाऱ्याकडे वळले, ही गोष्ट मोटारींची यादी करण्यापूर्वी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आर्थर गॅन्सन यांच्या एका यंत्रात मोटार सतत फिरते, तिची गती एकापुढे एक अशा बारा वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या) जोड्यांतून जाते, प्रत्येक जोडी वेग पन्नास पटींनी कमी करते आणि शेवटचे चाक काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्के गाडलेले असते. यंत्र तुटत नाही, कारण त्या शेवटच्या चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायला दोन लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील. त्यात ना संवेदक (सेन्सर) आहे ना प्रकाश. तरी त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःच्या आयुष्याची लांबी जाणवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २००९ सालच्या एका कामात घराच्या फाटकासारखे लोखंडी फाटक मोटारीने इकडून तिकडे झुलत भिंतीवर आपटत राहते आणि हळूहळू भिंतच फोडते. घरातली ओळखीची वस्तू आणि तिची एकच हालचाल एवढ्यावर किती उभे करता येते याचे ते उत्तम उदाहरण आहे, म्हणून झोपाळा फार साधा आहे अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर ती सोडून द्या.

प्रेक्षकाला प्रतिसाद देणाऱ्या कामांपैकी दोन पाहण्यासारखी आहेत. डॅनियल रोझिन यांच्या १९९९ सालच्या लाकडी आरशात ८३० लाकडी तुकडे आहेत. मध्ये दडवलेला कॅमेरा समोरच्या माणसाला पाहतो, प्रत्येक तुकडा कमी-अधिक कलतो, कललेल्या लाकडावर उजेड कमी-अधिक पडतो आणि लाकडात माणसाची आकृती उमटते. काम अप्रतिम आहे, परंतु ते आरसा आहे, आणि आरशापुढे माणूस हात हलवून पाहतो, केस सारखे करतो. आत्मपरीक्षण ही त्यापेक्षा वेगळी आणि बरीच संथ क्रिया आहे. राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६ सालच्या कामात प्रेक्षक एक दांडा हातात धरतो, त्याच्या नाडीच्या ठोक्यांनी एक दिवा लुकलुकतो आणि तो निघाला की त्याचा ठोका दिव्यांच्या रांगेत एक जागा पुढे सरकतो. छतभर आधीच्या माणसांचे ठोके असतात आणि नवा आला की सर्वांत जुना बाहेर पडतो. आपली खूण थोडा वेळ मागे राहते आणि मग जाते, हे तिथे एक वाक्यही न लिहिता समजते. तुमच्या झोपाळ्याचे नाते या कामाशी जवळचे आहे.

नाडीचा उल्लेख आला म्हणून माझी एक फसलेली गोष्ट सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. काही वर्षांपूर्वी मी तांब्याचा एक मोठा थेंब केला होता. भांडी बाजाराजवळच्या एका तांबट कारागिराने त्यावर सुरेख मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे काम, करून दिले होते. थेंब तारेला टांगलेला असे आणि प्रेक्षकाने संवेदकावर बोट ठेवले की त्याच्या नाडीच्या लयीत तो वर-खाली होत असे. पहिल्याच दिवशी लोकांनी रांग लावली आणि एकमेकांना ‘माझा बहात्तर, तुझा किती?’ असे विचारू लागले. शिल्पाचे आरोग्यतपासणी शिबिर झाले. त्यातच प्रदर्शन डिसेंबरातले होते. नाशिकच्या थंडीत बोटे गार पडली की त्यांतला रक्तपुरवठा कमी होतो, प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकाला नाडी नीट सापडत नाही आणि थेंब आचके देऊ लागतो. एका आजींनी ते पाहून हात मागे घेतला, तो मला अजून आठवतो. चूक संवेदकाची नव्हती. माणसाच्या शरीरातून आकडा काढून तो त्याच्यापुढे नाचवला की माणूस आकड्याकडे पाहतो, आणि हे मला शिल्प सुरू होण्याआधी कळायला हवे होते. पुढे मी संवेदक काढून टाकला, थेंब मिनिटाला पाच-सहा वेळा, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या श्वासाहूनही संथ वर-खाली होऊ दिला, आणि तेव्हा लोक त्याच्यापुढे बसू लागले.

आपल्या गावात गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. मारुती हलत नाही; पाणी हलते. तरी पूर आला की सारे शहर ‘पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले’ एवढेच विचारते आणि त्या एका उत्तरावरून आपापली काळजी मोजते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत मोबाइलवर सर्वाधिक फिरले ते त्याचेच फोटो. प्रतिसाद देणाऱ्या शिल्पाविषयी इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही : वस्तू स्वतः काहीच सांगत नाही, फक्त एक खूण धरून ठेवते आणि वाचणारा स्वतःचे वाचतो.

आता झोपाळा. माझी सूचना अशी आहे की, तुमच्या शिल्पाने प्रेक्षकाच्या येण्याला उत्तर देऊ नये. त्याच्या उठून जाण्याला द्यावे. एका मोकळ्या खोलीत वाड्यातला झोपाळा टांगलेला आहे आणि समोर साधा लाकडी बाक आहे. प्रेक्षक येऊन बाकावर बसतो. काहीही घडत नाही. प्रत्यक्षात तो बसल्या क्षणापासून झोपाळ्याची फळी मागच्या भिंतीकडे ओढली जाऊ लागते, पण इतकी सावकाश की डोळ्याला ती हालचाल दिसत नाही. तीन मिनिटांत बारा सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटरही नाही. प्रेक्षक उठतो, दोन पावले जातो, आणि मागे झोपाळा सुटतो. कोणीतरी नुकतेच उठून आत गेल्यासारखा हलू लागतो आणि आपल्या गतीने थांबतो. जो तीन मिनिटे बसला त्याच्यामागे झोपाळा मोठा हलेल, जो वीस सेकंदांत कंटाळून उठला त्याच्यामागे जेमतेम सेंटिमीटरभर डुलेल. कोणताही आकडा कुठेही दिसणार नाही. बाहेर जाण्याचा दरवाजा मात्र असा ठेवा की तिथे पोहोचताना मान थोडी वळावी. सगळ्यांनी पाहिलेच पाहिजे असा आग्रह धरू नका.

याचे गणित सोपे आहे आणि ते तुम्हीच करावे, म्हणून रीत सांगतो. लटकणाऱ्या वस्तूच्या एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ काढायचा तर टांगणीची लांबी मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्या वर्गमुळाची दुप्पट करावी. उत्तर सेकंदांत येते. पाव मीटरला एक सेकंद, दोन मीटरला सुमारे २.८ सेकंद. मात्र सहा सेकंदांचा संथ झोका हवा असेल तर नऊ मीटर उंची लागते, म्हणून अनेक विद्यार्थी छोट्या प्रतिकृतीवर समाधान मानतात आणि मग ती भिंतीवरच्या घड्याळासारखी लगबगीने का हलते असे विचारतात. आकार निम्मा केला तर लय निम्मी होत नाही, ती बदलून दुसऱ्याच कोणाची होते. तुमचा झोपाळा पूर्ण मापाचा, त्याच लांबीच्या कड्यांवर टांगा. याबाबतीत तडजोड करू नका. फळी आणि तिच्याबरोबर हलणाऱ्या कड्या मिळून पंधरा किलो आणि टांगणी दोन मीटर धरली, तर बारा सेंटिमीटर मागे धरून ठेवायला सुमारे नऊशे ग्रॅम वजनाइतकी ओढ पुरते, आणि साठवलेली ऊर्जा जेमतेम अर्धा ज्यूल भरते. म्हणजे तुम्हाला ताकदीची मोटार लागत नाही. सावकाश आणि मुकाट चालणारी मोटार लागते.

थ्री-डी प्रिंटरमध्ये असते ती नेमा १७ मापाची स्टेपर मोटार (छोट्या नेमक्या पायऱ्यांनी फिरणारी मोटार) आणि आठ मिलिमीटर पुढावा असलेला, म्हणजे एका फेऱ्यात गाडा तेवढा सरकवणारा, लीडस्क्रू (आटे पाडलेला लांब दांडा) घ्या. पंधरा फेऱ्यांत बारा सेंटिमीटर अंतर कापले जाते. तीन मिनिटांत ते कापायचे म्हणजे मिनिटाला पाच फेरे. या वेगाला साधा ड्रायव्हर (मोटारीला वीज पुरवणारा छोटा बोर्ड) वापरला तर प्रत्येक पायरीची टकटक ऐकू येते, म्हणून टीएमसी २२०९ सारखा शांत ड्रायव्हर घ्या. त्यावर कंजुषी करू नका. लीडस्क्रूवरच्या सरकत्या गाड्यावर बारा व्होल्टचा छोटा विद्युतचुंबक बसवा आणि फळीच्या मागच्या कडेला मऊ लोखंडाची चकती. गाडा पुढे येऊन चकतीला टेकतो, चुंबक चालू होतो, गाडा फळीसह मागे सरकतो. सोडायची वेळ झाली की चुंबक बंद होतो आणि झोपाळा परत येऊन आदळू नये म्हणून गाडा लगेच आणखी चार-पाच सेंटिमीटर मागे जातो. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची चकती घेऊ नका, तिला चुंबक धरत नाही. चुंबकावर लिहिलेली धारणशक्ती सपाट आणि जाड लोखंडासाठी असते, थोडी फट राहिली तरी ती झपाट्याने उतरते. दुसरीकडे, वीज बंद झाल्यावरही उरलेल्या चुंबकत्वामुळे चकती क्षणभर चिकटून राहते आणि झोपाळा धक्का खाऊन सुटतो. त्यावर जुना उपाय म्हणजे चकतीवर पितळेचा पातळ पत्रा किंवा जाड कागद चिकटवणे. आणखी एक बारकावा : फळी कमानीत हलते, त्यामुळे बारा सेंटिमीटर मागे जाताना ती जवळजवळ चार मिलिमीटर वर उचलली जाते, चुंबक गाड्यावर पक्का न आवळता थोडा सैल, डुलता ठेवा.

बाकाखाली चार लोड सेल (वजन मोजणारे संवेदक) आणि त्यांचे माप कंट्रोलरला कळवणारा एचएक्स ७११ चा छोटा बोर्ड पुरतो. बाकाचे सारे वजन त्या चार ठिकाणांवरच पडले पाहिजे. बाकाचा पाय किंवा पाठ भिंतीला टेकली तर मोजमाप चुकते. माणूस बसल्या जागी सरकतो, पुढे वाकतो, पिशवी उचलतो, म्हणून वजन उतरल्याबरोबर झोपाळा सोडू नका. दीड सेकंद बाक रिकामा राहिला तरच सोडा. या विलंबाचे दुसरे कारण तांत्रिक नाही. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, एक हालचाल संपल्याबरोबर दुसरी सुरू झाली तर पहिलीने दुसरी घडवली असे डोळ्याला थेट दिसते, आणि मध्ये सेकंदाचा अल्पसा भाग जरी गेला तरी ते दिसणे नाहीसे होते. तत्काळ उत्तर देणारी वस्तू बटण वाटते. दीड-दोन सेकंदांनी उत्तर देणारी वस्तू ‘हे माझ्यामुळे झाले का?’ असा प्रश्न विचारायला जागा ठेवते, आणि तुम्हाला हवी आहे ती नेमकी तीच जागा. मागचा झोका पूर्ण थांबेपर्यंत गाडा पुढे आणू नका. नव्याने येऊन बसलेल्या माणसाला आधी कोणा दुसऱ्याचा उरलेला झोका पाहावा लागेल. ते चांगलेच आहे.

कंट्रोलर म्हणाल तर आर्डुइनो उनो पुरेसा आहे. चुंबकासाठी मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि चुंबकाच्या वेटोळ्यावर उलटा जोडलेला १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विसरू नका, नाहीतर चुंबक बंद होताना उसळणाऱ्या दाबाने काही दिवसांत मॉस्फेट जाईल. सुरू होताना गाड्याने आधी आपली मूळ जागा शोधली पाहिजे. त्यासाठी टोकाला लिमिट स्विच, म्हणजे गाडा टेकताच दाबला जाणारा स्विच, लावा. प्रदर्शनाच्या ठिकाणी रात्री मुख्य स्विच बंद करणारा माणूस तुमची परवानगी विचारत नाही. मध्येच लाइट गेली तर चुंबक सुटेल आणि कोणी न उठताही झोपाळा अंधारात आपोआप हलू लागेल. हा बिघाड मी तरी दुरुस्त करणार नाही.

घर्षणाविषयी मात्र नेहमीचा सल्ला तुमच्यासाठी उलटा आहे. एरवी मी सांगतो की, ६०८ क्रमांकाचे बेअरिंग घ्या, त्यातले ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा, म्हणजे वस्तू झुळुकीनेही हलेल. येथे तसे केले तर झोपाळा किती तरी वेळ झुलत राहील आणि कोणी उठून गेल्यासारखा न दिसता वाऱ्यावर सोडल्यासारखा दिसेल. वाड्याच्या तुळईतले जुने आकडे आणि झिजलेल्या कड्या जशाच्या तशा वापरा, त्यांना तेल घालू नका, तार-ब्रशने चकाकवू नका. लोखंडावर लोखंड घासून झोपाळा थांबायला जो वेळ लागतो आणि जी कुरकुर येते, ती तुमच्या घराची आहे. ती कोणत्याही मोटारीला प्रोग्रॅम करून देता येत नाही.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात. फलक कितीही लावा, कोणीतरी झोपाळ्यावर बसणारच. म्हणून टांगणी दोन मोठ्या माणसांचे वजन पेलेल अशी आणि जुन्या कड्यांच्या आत स्वतंत्र पोलादी दोरीचा दुसरा आधार असलेली हवी. दोरी किंचित सैल ठेवा म्हणजे ती झोक्यात येणार नाही. गाडा आणि भिंत यांच्यात लहान मुलाचे बोट चिरडेल अशी फट नको. जिथे दोन भाग जवळ येतात तिथे किमान पंचवीस मिलिमीटर अंतर राहू द्या. यंत्रणेत सगळीकडे बारा व्होल्टच वापरा.

हे काम नाशिकात करून घेणे अवघड नाही. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या छोट्या गाळ्यात लेथवर गाड्याचे भाग दोन दिवसांत होतील, पण रेखाचित्र मापांसह घेऊन जा. ‘याचा उपयोग काय’ असे टर्नर विचारील तेव्हा ‘आर्ट’ असे सांगून मोकळे होऊ नका, झोपाळा कशासाठी हलवायचा आहे ते नीट सांगा. मला आजवर मिळालेल्या सर्वांत उपयुक्त सूचना त्या प्रश्नानंतर मिळाल्या आहेत. वेळेची वाटणी करताना यंत्रणेला एक महिना, आणि बसवल्यावर झोका, विलंब आणि ओढीचा वेग जुळवायला किमान दीड महिना ठेवा. बहुतेक विद्यार्थी नेमके उलटे करतात.

यांतले एक काम थांबू शकत नाही, कारण वाडा उतरणार आहे. कड्या काढण्यापूर्वी तुळईतल्या आकड्यांमधले अंतर, दोन्ही बाजूंची लांबी आणि फळीचे वजन मोजून ठेवा. दोन बाजूंची लांबी सारखी निघणार नाही, आणि तो फरक तसाच जपा. मग फळीवर माणूस बसवून त्याला उठायला लावा आणि मोबाइलवर समोरून व बाजूने चित्रण करा. माणूस उठताना फळीला मागे रेटतो, आणि एका हाताने कडी धरून उठत असेल तर फळी सरळ न जाता किंचित तिरकी फिरते, पुढचे तीन-चार झोके वेडेवाकडे येतात आणि मग ती रुळते. चुंबक फळीच्या मध्यभागी लावायचा की एका टोकाला, हे त्या तिरकेपणावरूनच ठरेल. आजोबा कोणत्या हाताने कडी धरत आणि उठताना किती रेटत, हे तुम्हाला आठवत नसेल, तर आजींना किंवा घरातल्या ज्या कोणाला ते रोज दिसत असे त्यांना तसे उठून दाखवायला सांगा, आणि ते चित्रण अनेकदा घ्या.